औंध: राजधानी गेली, मग गावात काय राहिलं?

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध आहे. पुण्याचं औंध वेगळं, त्याचा इथे संबंध नाही. साताऱ्याहून अंतर चाळीसेक किलोमीटर, जवळचं रेल्वे स्टेशन रहिमतपूर. गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. सात-बाऱ्याची तक्रार किंवा दाखल्याचं काम निघालं की औंधकर वडूजला जातात, कारण तालुक्याचं ठिकाण तिथे आहे. हेच औंध ८ मार्च १९४८ पर्यंत एका संस्थानाची राजधानी होतं. राजा इथे राहायचा, मंत्रिमंडळ इथे बसायचं, अपिलं इथे चालायची.

विलीनीकरणानंतर राजधानीच्या गावांचं काय झालं, हा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी विचारता येईल. सांगली, मिरज, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, जव्हार, सावंतवाडी, यादी मोठी आहे. मी औंध निवडलं त्याला कारण आहे. इतर राजधान्यांची सत्ता १९४८ मध्ये एकदाच गेली. औंधची दोनदा गेली. पहिल्यांदा १९३९ मध्ये राजानं स्वतःहून ती खेड्यांना दिली. दुसऱ्यांदा १९४८ मध्ये ती मुंबईला गेली, आणि खेड्यांना दिलेलीही तिच्यासोबत गेली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की कारभार गेल्यावर गावात काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे बरंचसं उलगडतं.

देवीच्या पायथ्याशी राजधानी

औंधला मोठी नदी नाही, घाटवाट नाही, नाव घ्यावी अशी बाजारपेठही नव्हती. मुलूख पर्जन्यछायेतला, माणदेशाला लागून. अशा गावाला राजधानीपण मिळालं ते यमाईमुळे. डोंगरावरचं मूळपीठ यमाईचं, आणि ती औंधच्या राजांच्या, म्हणजे पंतप्रतिनिधी घराण्याची कुलदेवता. गावातही देवीचं मंदिर आहे, त्याला लागूनच राजवाडा.

प्रतिनिधी, म्हणजे राजाच्या वतीनं काम पाहणारा, हे पद राजाराम महाराजांनी जिंजीत असताना निर्माण केलं. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. औंधचं घराणं सुरू होतं ते परशुराम त्र्यंबक यांच्यापासून. ते मूळचे किन्हईचे कुलकर्णी. मोगलांशी झालेल्या झुंजीत त्यांनी किल्ले राखले, परत घेतले आणि प्रतिनिधीपदापर्यंत पोचले. शाहू महाराज सुटून आले तेव्हा ते ताराबाईंच्या बाजूला होते. पुढे कैद झाली, मग सुटका, मग शाहूंकडे तेच पद. १७१८ मध्ये ते वारले. त्यांचे चिरंजीव श्रीपतराव साताऱ्याच्या दरबारात पहिल्या बाजीरावाला उघड विरोध करणारे म्हणून ओळखले जातात. अष्टप्रधानांच्याही वर मानलं गेलेलं हे पद पेशवाईच्या भरभराटीत मागे पडत गेलं.

उत्तर पेशवाईत परशुराम श्रीनिवास यांनी दुसऱ्या बाजीरावाविरुद्ध बंड केलं. १८०६ मध्ये वसंतगडाजवळ बापू गोखल्यांनी त्यांचा पराभव केला. त्या लढाईत हात गमावल्यानं लोक त्यांना थोटे पंत म्हणू लागले. त्यांच्या बाजूनं वासोटा लढवणारी ताई तेलीण आजही त्या भागात पंतांपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. पेशवाई बुडाल्यावर १८२० मध्ये इंग्रजांशी करार होऊन जहागीर शाबूत राहिली. कऱ्हाड हे प्रतिनिधींचं जुनं ठाणं. ते पुढे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात गेलं, आणि जहागिरीचं मुख्य ठिकाण औंधला स्थिरावलं.

हा मुलूख सलग नव्हता, आणि पुढच्या सगळ्या हकिगतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. ७२ गावं, पण चार तुकड्यांत विखुरलेली: औंध, कुंडल, आटपाडी, आणि दूर विजापूर जिल्ह्यातलं गुणदाळ. मधल्या सगळ्या प्रदेशात इंग्रजी अंमल किंवा दुसरी संस्थानं. एकूण क्षेत्र ५०० चौरस मैलांच्या आसपास. राजधानीतून आटपाडीला निघालेल्या माणसाला वाटेत परक्या हद्दीतून जावं लागे. औंध हे त्या मुलखाच्या मधोमध नव्हतं आणि त्याची बाजारपेठही नव्हतं. चारही तुकड्यांना औंधशी बांधणारा धागा एकच, राजा तिथे राहत होता.

बाळासाहेबांची चाळीस वर्षं

भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. जन्म १८६८ चा, म्हणजे चाळिशी उलटलेली. आधी गादीवर असलेल्या पुतण्याला इंग्रजांनी दूर केलं होतं. बाळासाहेब पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचं त्यांना अक्षरशः वेड होतं. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. राजा स्वतः रोज घालायचा, त्यावर पुस्तकं लिहायचा, गावोगाव प्रात्यक्षिकं करून दाखवायचा. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

त्यांच्या आवडीनिवडींची नुसती यादी केली तर हौशी संस्थानिकाचं ठरावीक चित्र उभं राहतं. तसं करणं अन्यायाचं होईल. पैसा आणि जमीन त्यांनी कशात घातली हे पाहायला हवं.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी ती जागा सोडायची वेळ आली. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं. कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ होता, तो दिला, आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली. १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, चरकयंत्रं, पंप हा माल तिथून महाराष्ट्रभर गेला, आणि पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकंही तिथूनच निघाली. मराठी मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची वैचारिक घडण ज्या छापखान्यातून झाली, तो औंध संस्थानच्या हद्दीत होता, हे सांगितलं की अजूनही पुष्कळांना नवल वाटतं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं. त्यामागची पहिली मोठी देणगी औंधची, एक लाख रुपयांची. संस्थानाचा आकार पाहता ही रक्कम दांडगीच होती. बाळासाहेबांची मूळ कल्पना सचित्र महाभारताची होती. आधी पाठ शुद्ध करून घ्यावा हे विद्वानांनी सुचवलं आणि त्यांनी मानलं. जवळजवळ पन्नास वर्षं चाललेलं ते काम १९६६ मध्ये संपलं. तोवर राजा वारला होता आणि संस्थानही राहिलं नव्हतं, पण काम पुण्यातल्या संस्थेचं होतं म्हणून ते थांबलं नाही.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. वेदांवरच्या लेखनामुळे इंग्रज सरकारच्या रोषाला पात्र झालेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते औंधला आले आणि तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ काढलं. वेदांच्या संहिता शुद्ध छापायच्या आणि सामान्य वाचकाला परवडतील अशा किमतीत द्यायच्या, हे त्यांचं व्रत. तीस वर्षं हा छापखाना औंधमध्ये चालला.

अंतुबुवा जोशी दरबारचे गवई. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून नावाजले. अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, १९४० पासून संगीतसेवा सुरू केली. तिच्याकडे पुढे परत यायचं आहे.

आणि संग्रहालय. डोंगरावर देवीकडे जाण्याच्या वाटेवर १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालयाची इमारत उभी राहिली. छतातून येणारा उजेड चित्रावर पडेल पण डोळ्यांवर येणार नाही, अशी तिची रचना आहे. वीज नसलेल्या गावात बांधलेली इमारत, त्यामुळे दिव्याचा विचारच नव्हता. आत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रमालिका आहे, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती, युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रती, चंदनाचं आणि हस्तिदंताचं काम. हेन्री मूरचं माता आणि मूल हे दगडातलं शिल्पही इथे आहे. मुंबई-दिल्लीच्या कलादालनांनाही अभिमान वाटावा अशी ही वस्तू खटाव तालुक्याच्या डोंगरावर आहे.

मला यातली जागेची निवड सर्वांत मोलाची वाटते. संग्रह राजवाड्यात ठेवला असता तर तो पाहुण्यांना दाखवायची चीज झाला असता. राजानं तो यात्रेकरूंच्या वाटेवर ठेवला. नवस फेडायला आलेला माणदेशी शेतकरी रविवर्माचं मूळ चित्र पाहून जाईल, अशी ही व्यवस्था होती.

२१ जानेवारी १९३९

१९३८ हे साल संस्थानी प्रजेच्या चळवळींचं. राजकोट, त्रावणकोर, हैदराबाद, सगळीकडे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उठली होती. दक्षिणी संस्थानांमध्येही प्रजा परिषदा जाग्या झाल्या होत्या. बहुतेक संस्थानिकांनी लाठी किंवा चालढकल यांपैकी एक मार्ग धरला.

औंधमध्ये वेगळं घडलं. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परतले होते. बेंगळुरात त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरशी पडली. म्हैसूर संस्थानच्या विजेच्या कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर होता; वॉर्साचा ज्यू, पण भगवी वस्त्रं घालणारा, भारतानंद नाव घेतलेला, गांधींकडे ओढलेला. तो औंधला आला. सत्ता प्रजेला द्यावी, असं त्यानं सुचवलं तेव्हा सत्तरीच्या राजानं ते मान्य केलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये तसा जाहीरनामा निघाला. आप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले, गांधींबरोबर बसून राज्यघटनेचा आराखडा झाला, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची घटना लागू झाली.

घटनेची रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावानं पाच जणांची पंचायत निवडायची. तालुक्यातल्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती. तालुका समित्यांमधून निवडलेले सदस्य संस्थानच्या विधिमंडळात. म्हणजे मतदार थेट मत देणार तो फक्त आपल्या गावच्या पंचांना, ज्यांना तो रोज पाहतो. त्यावरची प्रत्येक पायरी अप्रत्यक्ष. गांधींच्या मनातलं ग्रामस्वराज्य ज्या एका ठिकाणी कायद्याच्या कलमांत उतरलं, ते ठिकाण औंध.

कागदावर घटना लिहिणं त्या मानानं सोपं. औंधमध्ये पंचायतीच्या हातात दोन खऱ्या गोष्टी दिल्या गेल्या, आणि म्हणून हा प्रयोग गंभीरपणे घ्यावा लागतो.

एक म्हणजे पैसा. गावात गोळा होणाऱ्या महसुलातला वाटा गावाकडेच राहू लागला. विहीर, शाळा, रस्ता यासाठी राजधानीकडे अर्ज करून वाट पाहायची गरज उरली नाही. आजही ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसून पाहिलं तर निम्मा वेळ वरून येणाऱ्या निधीच्या चर्चेत जातो, हे ध्यानात घेतलं की त्या तरतुदीचं वजन कळतं.

दुसरी गोष्ट न्याय. किरकोळ दावे पंचायतीत, आणि त्याहून मोठ्या खटल्यांसाठी न्यायालयानं गावात जायचं. साक्षीदार गावातले, जमीन गावातली, बांध समोर दिसणारा. वाड्याच्या ओट्यावर किंवा देवळात सगळ्यांसमोर खोटं बोलणं अवघड असतं. तारखांसाठी राजधानीला खेटे घालणं संपलं, वकिलाचा खर्च वाचला.

प्रयोगात उणिवा होत्या आणि त्या सांगायला हव्यात. मतदानाला साक्षरतेची अट होती, आणि ती गांधींच्या आग्रहानं आली होती. हेतू असा की मत मिळवण्यासाठी तरी लोक शिकतील, आणि त्यामुळे प्रौढशिक्षणाला जोर आला हे खरं. पण त्या काळी खेड्यात अक्षरओळख कुणाला होती? बायकांना जवळजवळ नव्हतीच, गावकुसाबाहेरच्या वस्तीला फारच थोडी. ज्यांचं ऐकलं जावं म्हणून स्वराज्य हवं, त्यांनाच दारात थांबवणारी ही अट होती. दुसरी उणीव गावाच्या रचनेतली. पाच पंच निवडले गेले म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचा जुना वचक एका रात्रीत जातो असं नाही. आणि सगळ्यांत वर शेवटी राजाच होता. तो चांगला होता म्हणून हे चाललं. घटनेमागे त्याच्या शब्दाखेरीज दुसरी ताकद नव्हती. इंग्रज रेसिडेंटाला हा सगळा प्रकार पसंत नव्हता, पण छोटं संस्थान म्हणून फारसं आडवंही कुणी आलं नाही.

याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग. गंभीर गुन्ह्यांतल्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना जमीन कसायला द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचं, पळून जाणार नाही या भरवशावर. फ्रीडमनचा यात मोठा हात होता. शेटफळे-माडगुळ्याच्या त्याच पट्ट्यात वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी पुढे या वसाहतीवरून चित्रपटाची कथा रचली, आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. देशानं स्वतंत्रपूर पडद्यावर पाहिलं; ते औंध संस्थानचं होतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बेचाळीस ते अठ्ठेचाळीस

विखुरलेला मुलूख कारभाराला जाच होता, तोच १९४२ नंतर उपयोगी पडला. इंग्रजी हद्दीतून निसटलेला भूमिगत कार्यकर्ता दोन मैलांवर संस्थानी हद्दीत शिरला की मुंबई इलाख्याच्या पोलिसांचा हात आखडता होई. कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना समांतर चाललेल्या भूमिगत सरकारचं, महत्त्वाचं केंद्र बनलं. जी. डी. बापू लाड तिथलेच, त्या सरकारच्या तुफान सेनेची उभारणी तिथली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगावी न्यायमंडळं चालवली, भांडणं मिटवली, दारूबंदी केली. पंचायतीला न्याय देता येतो हा अनुभव कुंडलच्या माणसांनी तीन वर्षं आधीच घेतलेला होता. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. चळवळीची मुळं सत्यशोधक परंपरेत आणि शेतकऱ्यांच्या असंतोषात खोल गेली होती. पण जमीन तयार होती, एवढं नक्की.

मग स्वातंत्र्य आलं. ३० जानेवारी १९४८ ला गांधींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, सातारा-सांगलीकडे फार. ऐंशीच्या घरात असलेले सातवळेकर, ज्यांचं आयुष्य स्वातंत्र्याच्या बाजूनं गेलं, औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. स्वाध्याय मंडळही गेलं. तीस वर्षांचा छापखाना, त्यातले जुळारी, टपालाची वर्दळ, देशभरातून येणारे विद्वान, हे सगळं एकदम थांबलं.

गांधीहत्येनंतर सव्वा महिन्यानं, ८ मार्चला, दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. बाळासाहेबांनी सही केली. १९५१ मध्ये ते वारले. आप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले: पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, लंडन. राजवाड्यात राहणारी, पाहुणे बोलावणारी, कलावंतांना पोसणारी माणसं काही वर्षांत उठून गेली.

१९३९ च्या राज्यघटनेचं काय झालं? विलीनीकरणाचा करार भारत सरकार आणि राजा या दोघांत झाला. त्यात राजाचा तनखा होता, खाजगी मालमत्ता होती, मानमरातब होते. ज्या प्रजेला राजानं नऊ वर्षांपूर्वी सत्ता दिली होती, ती या करारात पक्ष नव्हती. मुंबई प्रांताचा ग्रामपंचायत कायदा लागू झाला, महसूल कलेक्टर कचेरीकडे वळला, खटले पुन्हा तालुक्याच्या कोर्टात गेले. कुणी दुष्टपणानं केलं असं नाही. सरदार पटेलांच्या खात्यापुढे पाचशेहून अधिक संस्थानं होती, आणि ७२ गावांसाठी वेगळा नियम ठेवायला कुणाला सवड नव्हती. तरीही ही गोष्ट मला फार लागते. हुकूमशाही संस्थानातल्या प्रजेला लोकशाही मिळाली, त्याच दिवशी औंधच्या खेड्यांनी हातात असलेली सत्ता गमावली.

घसरण आणि तिची कारणं

विलीनीकरणानंतर मुलखाचे तुकडे आपापल्या शेजाऱ्यांना जोडले गेले. औंध सातारा जिल्ह्यात राहिलं. कुंडल आणि आटपाडी दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. गुणदाळ विजापूरबरोबर १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेलं. चार तुकड्यांना बांधणारा राजा गेला आणि औंधला त्यांच्याशी कसलंच नातं उरलं नाही.

इतर राजधान्यांशी ताडून पाहिलं तर औंधची घसरण जास्त खोल दिसते. सांगली जिल्ह्याचं ठिकाण झालं. फलटण, भोर, जत, अक्कलकोट तालुक्याची ठिकाणं राहिली. फलटणला नीरेच्या कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, कारखाना होता. मिरज रेल्वेचं जंक्शन. औंधच्या बरोबरीला बसतील ती कुरुंदवाड किंवा मिरजेच्या धाकट्या पातीचं बुधगाव, जी तालुक्याचं ठिकाणही झाली नाहीत. गंमत अशी की औंधच्याच मुलखातलं आटपाडी आज तालुका आहे, आणि राजधानी मात्र नाही. कुंडलला साखर कारखाना आला, किर्लोस्करवाडीचे पंप आजही बनतात.

म्हणजे संस्थानाच्या पैशातून जे उभं राहिलं त्यातलं सर्वांत टिकाऊ काम राजधानीपासून दूर, रेल्वेच्या कडेला आहे. राजधानीत जे होतं ते बहुतेक राजाच्या माणसांवर चालणारं होतं: कचेऱ्या, दरबार, आश्रित कलावंत, छापखाना. पाण्याचं म्हणाल तर औंध परिसरातली गावं शेतीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं मागणी करत राहिली. बाळासाहेबांनी माणसं जमवली, कला जमवली, शाळा काढल्या. शेतीला बारमाही पाणी देण्याचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही, आणि एवढ्या लहान उत्पन्नाच्या संस्थानाला तो सुटण्यासारखाही नव्हता.

गावात जे टिकलं त्यातलं पहिलं अर्थातच देवी. यमाईची पौषातली यात्रा राजाच्या आधीही भरत होती, नंतरही भरते. तिला कुणाच्या हुकमाची गरज नव्हती.

दुसरा संगीत महोत्सव. दरबारी गवयानं सुरू केलेला असूनही तो दरबाराबरोबर बुडाला नाही, कारण तो मुळात दरबाराचा कार्यक्रम नव्हताच. गुरूच्या पुण्यतिथीची सेवा म्हणून तो सुरू झाला. अंतुबुवांनंतर गजाननबुवांनी चालवला, मग शिष्यपरिवारानं प्रतिष्ठान करून. देशातले नामवंत गवई-वादक आश्विन वद्य पंचमीला औंधला येतात, समोर रात्रभर बसून ऐकणारं गाव असतं.

तिसरं संग्रहालय. ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय विभागाकडे गेलं म्हणून संग्रह फुटला नाही, विकला गेला नाही. वारसांच्या वाटणीत गेलेले संस्थानी संग्रह लिलावांत कसे पांगले हे पाहिलं की याचं मोल समजतं. पण सरकारी ताब्यात वस्तू सुरक्षित राहतात तेवढ्या जिवंत राहतात असं नाही. डोंगराच्या वाटेवर संग्रहालय ठेवण्यामागे जो यात्रेकरू मनात होता, त्याला तिथे थांबवून चित्र समजावून सांगणारं माणूस हवं, मराठीत लिहिलेल्या चांगल्या पाट्या हव्यात, खटाव-माणच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे यायला हवी. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही.

आणि स्वतंत्रपूर. १९३९ च्या कल्पनांपैकी ही एकच सलग चालत आली. विलीनीकरणात ती वसाहत कारागृह विभागाकडे जशीच्या तशी सोपवली गेली आणि विभागानं ती मोडली नाही. निवडक कैदी कुटुंबासह तिथे राहतात, शेती करतात. संस्थानाची एखादी सोय नव्या सरकारला हवी असेल तर ती सांभाळता येत होती, याचा हा पुरावा आहे.

पंचायतींच्या बाबतीत तसा विचार झाला नाही, हेच या प्रकरणातलं मोठं नुकसान मला वाटतं. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनं देशासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवलं. गावच्या पंचायतींतून अप्रत्यक्षपणे मधली पायरी उभी करायची, ही त्यातली कल्पना औंधच्या तालुका समितीच्या अगदी जवळची. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामपंचायतींना घटनात्मक आधार मिळायला १९९३ साल उजाडलं. त्या सगळ्या चर्चांत ७२ गावांनी पैसा आणि न्याय स्वतः हाताळल्याची प्रत्यक्ष उदाहरणं समोर ठेवता आली असती. गावाचा महसूल गावात राहिला की विहिरी किती झाल्या, पंचायतीनं मिटवलेले तंटे पुन्हा वर गेले का, निरक्षर आणि दलित मतदाराला बाहेर ठेवल्याचा परिणाम काय झाला, हे अंदाजानं सांगावं लागलं नसतं. १९४८ मध्ये त्या पंचायतींना आहे तसं दहा वर्षं चालू दिलं असतं, तर समितीपुढे औंधचा अठरा वर्षांचा अनुभव आला असता.